उघड्या पोटाची अक्षरे

१२ ऑगस्ट १९८८, शुक्रवार

आजच्या पेपरात पान तीनवर, अगदी तळाशी, दोन बोटं बातमी. अमेरिकेच्या सरकारने आपल्याच देशातल्या जपानी वंशाच्या लोकांची माफी मागितली. लढाईच्या दिवसांत त्यांना घरांतून उचलून छावण्यांत कोंडलं होतं. त्याबद्दल आता कायदा केला, खाली अध्यक्षाची सही. साल बेचाळीस. आमचंही बेचाळीसच.

कात्रण काढलं. वहिनीला वाचून दाखवलं. तिला छापील दिसत नाही हल्ली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऐकून म्हणाली, "शेहेचाळीस वर्षांनी होय? मग राहिलेत किती त्यातले?" म्हटलं, मुद्दा तो नाही. मुद्दा असा की सही झाली. आम्ही चुकलो, असं कागदावर आलं.

इंग्रजांना माझं हे अकरावं पत्र जाईल. पहिलं एकाहत्तर साली, पुस्तक निघालं तेव्हा. मागणी तेव्हापासून तीच. वहिनीच्या काकांना, म्हणजे लांज्याकडच्या आमच्या गावच्या शाळामास्तरांना, बेचाळीसच्या डिसेंबरात चावडीसमोर वेताने मारलं. तीन महिन्यांत ते गेले. गुन्हा एवढाच की त्यांच्या माळ्यावर सरकारविरुद्धची पत्रिका निघत होती. दुसरं काही नको, एका ओळीची माफी द्या.

कात्रण जोडून रजिस्टरने पाठवलं. पावती डकवली.

१५ ऑगस्ट, सोमवार

वाचनालयात झेंडावंदन. अध्यक्ष जोगळेकरांनी बाजूला घेऊन सांगितलं, ठराव मंजूर. वरच्या सभागृहाला दादाचं नाव. संगमरवरी पाटी, अनावरण २ ऑक्टोबरला. मजकूर मी द्यायचा. "तुमच्याइतकं चोख दुसरं कोण लिहिणार, दत्तोपंत."

यात खोटी स्तुती नाही. सातवीनंतर शाळा नाही, अडतीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवतो आहे; पण ह्या भागातल्या बेचाळीसवर पुस्तक एकच आहे, ते माझं, आणि त्याला शुद्धिपत्र जोडावं लागलेलं नाही. जुळणीसुद्धा मीच केली होती, रोज काम सुटल्यावर तासभर बसून. मलपृष्ठावर मालकांनी माझ्याबद्दल छापलं, "कोणत्याही गुरूविना स्वतःच्या हिमतीवर शिकलेले." ते खरंच आहे.

मजकूर घरी येताच केला. चार ओळी:

१९४२ च्या भूमिगत पत्रिकेचे
सत्तावीस अंक ज्यांच्या हस्ताक्षरात निघाले
ते कै. वामनराव
यांच्या स्मृतीस

कानामात्रा तीनदा तपासला. वहिनीला वाचून दाखवला. ती शेंगा सोलत होती, सोलतच राहिली. दादा आठवला असेल म्हणून मी पुढे विचारलं नाही. दादाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. अंकही सत्तावीस. योगायोग नोंदवून ठेवतो.

२५ ऑगस्ट, गुरुवार

वहिनीच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. सुमन, दादाची मुलगी, लांज्याला शाळेत शिकवते, ती रजा काढून आली आहे. दवाखान्यात तीच राहणार. पट्टी आठ दिवस.

आत नेताना वहिनी म्हणाली, "भाऊजी, जेवणाचे हाल करून घेऊ नका. सगळ्या बरण्यांवर लिहिलेलं आहे." घरात आम्ही दोनच माणसं. मी लग्न केलं नाही. चुलीकडे जायची वेळ आजवर आली नाही.

२६ ऑगस्ट, शुक्रवार

कुळथाची पिठी करावी म्हणून पीठ शोधायला गेलो. फळीवर चौदा बरण्या, प्रत्येकीवर कागदाची पट्टी, खळीने चिकटवलेली. आमसुले. कुळीथ पीठ. सांडगी मिरची. लिंबू, जुने. शाई विटलेली.

"कुळीथ" मधल्या क चं पोट उघडं.

"लिंबू, जुने" मधल्या ब चंही. "वाल", व उघडा. स्टुलावर चढून चौदाच्या चौदा वाचल्या. एकाही अक्षराचा गोल मिटलेला नाही. प्रत्येक गोलाला डावीकडे खाली केसाएवढी फट.

चूल पेटवली नाही. पेरू खाल्ला.

२७ ऑगस्ट, शनिवार

काल पुढचं लिहिलं नाही. आज क्रमाने लिहितो.

पत्रिका सायक्लोस्टाइलवर निघे. मेणकागदावर लोखंडी लेखणीने अक्षर कोरायचं. गोल पुरता मिटवला तर मधला मेणाचा तुकडा सुटतो आणि छापताना तिथे काळा डाग पडतो. म्हणून मुरलेला कोरणारा गोल कधी मिटवत नाही, फट ठेवतो. माझ्याकडे मूळ पत्रिकेचे सात अंक आहेत. सातांतही फट डावीकडे, खाली. हे सगळं मीच पुस्तकात पान ३८ वर लिहिलं आहे. "अक्षरांची पोटे उघडी ठेवण्याची खास लकब" हे शब्द माझे.

दादाची दोन पत्रं पेटीत आहेत. काढली. त्याचे सगळे गोल मिटलेले, शाईने भरलेलेसुद्धा. हे मला एकाहत्तर सालीही दिसलं होतं. तेव्हा लिहिलं, "पोलिसांना चकवण्यासाठी वामनरावांनी आपले वळण बुद्ध्या बदलले असावे." असावे. पुस्तकभर मी पुराव्याशिवाय ओळ लिहिली नाही, असं सांगत फिरतो. ही ओळ कुठून आली? दादा माझा भाऊ, म्हणून आली.

दादा स्वतः असं कधीच म्हणाला नव्हता. तो म्हणे, मी अंक पोचवायचो. मला तो विनय वाटला.

वहिनी तेव्हा मास्तरांच्या घरी वाढत होती. बेचाळीसला वीस वर्षांची. दादाचं लग्न चव्वेचाळीसला. हे सगळं मला ठाऊक होतं. पान ४१, शेवटची ओळ: "मास्तरांच्या घरातील स्त्रियांनी भूमिगतांना जेवूखाऊ घातले." एवढंच. नाव नाही.

बरणीवर लिहिताना मेण कुठे आलं? तरी हात फट सोडतो आहे. शेहेचाळीस वर्षं.

२८ ऑगस्ट, रविवार

एकाहत्तर सालची रोजनिशी काढली. मी काही फेकत नाही. ती ओळ सापडेल असं वाटलं होतं, आणि सापडू नये असंही.

१४ मार्च १९७१. जशीच्या तशी उतरवतो:

"आज प्रकरण ४ ची प्रुफे घरी आणली. वहिनीला पान ३८ वाचून दाखवले. म्हणाली, ती अक्षरे ह्यांची नव्हेत. मी विचारले, मग कोणाची? बोलली नाही. हिला विस्मरण होऊ लागले की काय. प्रुफावर आमटीचा डाग, उद्या मालक बोलणार."

डाग लक्षात राहिला.

३० ऑगस्ट, मंगळवार

राजिवड्याला दाऊदभाईकडे. पंचाहत्तरीचा आहे, पुढे जहाजावर गेला होता. बेचाळीसला त्याच्या होडीतून अंक खाडीने खाली येत. पुस्तकासाठी मी त्याला माझा छापील प्रश्नतक्ता भरायला दिला होता. बावीस प्रश्न.

मुलगा आखातातून आलेला, त्याने आणलेल्या खुर्चीवर मला बसवलं. विचारलं, अंक कोण लिहायचं?

"मास्तरांची पुतणी. दुसरं कोण? तुझा भाऊस यायचा गठ्ठा घेऊन. बोटं साफ त्याची. पोरीची बघितलीस तर काळी, नखापर्यंत."

म्हटलं, मला हे सांगितलं का नाही?

"तू इचारलंस होडी कुणाची. मी सांगितली, माझी. इचारलंस तुरुंगात किती दिवस. सांगितले. बावीस सवाल होते दत्तू तुझे, त्यात बाईमाणसाचा सवाल नव्हता." मग हसून नातीला हाक मारली, म्हणाला, ह्याला चहा दे, याचं तोंड बघ कसं झालंय.

तक्ता घरी येऊन पाहिला. दाऊदभाई बरोबर सांगतो. प्रश्न ७: कोणत्या तुरुंगात होतात? प्रश्न ८: किती मुदत? ज्याला तुरुंग नाही त्याने पुढचं भरायचं नाही, अशी सूचना मीच ठळक खिळ्यात टाकली आहे.

२ सप्टेंबर, शुक्रवार

पट्टी सुटायला अजून एक दिवस. दवाखान्यात गेलो. सुमन कपडे धुवायला गेली होती तेवढ्यात विचारलं. डोळे बांधलेले असताना विचारणं मला सोपं गेलं. हे लिहून ठेवलं पाहिजे.

"वहिनी, पत्रिका तू लिहायचीस?"

"बरण्या वाचल्यात वाटतं."

सगळं सांगितलं तिने, सरळ, भाजीचं सांगावं तसं. दिवसाउजेडी माळ्यावर बसायची, कौल सरकवून. खाली काकू जातं फिरवायची, म्हणजे कोणी आलं तर जातं थांबे आणि वर हिची लेखणी थांबे. मजकूर तालुक्यावरून तुकड्यातुकड्यांनी येई, पण अंकात जागा उरे ती हिनेच भरायची. पान ५२ वर मी ज्या लेखाला "पत्रिकेतील सर्वांत धारदार" म्हटलं आहे, जमीनदार भाताचे ढीग लपवतात तो, तो हिचा. दादाचा म्हणून मी त्यावर दोन व्याख्यानं दिली आहेत.

"मग एकाहत्तर साली मी विचारलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत ते पेन्सिल कानावर ठेवून, डाग पुसत. उत्तराला जागा कुठं होती."

म्हटलं, दादाने सांगायला हवं होतं. म्हणाली, त्यांनी सांगितलं होतं, तुमच्यादेखत, दोनदा. तुम्ही लहान होतात, मग मोठे झालात.

सुमन आली. विषय थांबला.

८ सप्टेंबर, गुरुवार

वहिनी घरी. काळा चष्मा, वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही. सुमन गणपतीपर्यंत इथेच.

साहेबाच्या कचेरीतून उत्तर. अकरा पत्रांत हे दुसरं. चांगला जाड कागद. शब्दकोश घेऊन बसलो. सारांश: पत्र मिळाले. त्या काळात जे घडले त्याबद्दल खेद व्यक्त करण्यात येतो. दोन्ही देशांनी आता पुढे पाहावे.

खेद व्यक्त करण्यात येतो. कोणाकडून? घडले. कोणी घडवलं? वेत आपोआप उठला आणि मास्तरांच्या पाठीवर पडला. सबंध पत्रात करणारा माणूस नाही. इतकी वर्षं राज्य केलं आणि एक वाक्य धड स्वतःच्या अंगावर घेववत नाही.

हे वहिनीला तावातावाने सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या काकांचं नाव तरी घातलंय?" नव्हतं.

११ सप्टेंबर, रविवार

इथल्या साप्ताहिकासाठी खुलासा लिहिला. साप्ताहिक आमच्याच छापखान्यात निघतं, मालक माझ्या शब्दाबाहेर नाहीत. पुस्तकाची जाहिरात, परीक्षण, सगळं एकाहत्तरला त्यातच आलं होतं, तेव्हा दुरुस्तीही तिथेच. सुमनला वाचून दाखवला:

"सदर पुस्तकात पत्रिकेच्या लेखनकार्यात काही स्त्रियांचाही सहभाग होता याचा उल्लेख नजरचुकीने राहून गेला आहे. त्याबद्दल खेद व्यक्त करण्यात येतो."

सुमन म्हणाली, "काका, साहेबाचं पत्र मराठीत केलंत की काय?"

पोरगी तोंडाची तिखट, आजीवर गेली आहे. कागद घडी करून ठेवला. चिडलो तिच्यावर. लिहायला बसलो तेव्हा कळलं की शब्द खरोखर तेच आहेत. मी काही नक्कल केली नव्हती. आपोआप आले.

२० सप्टेंबर, मंगळवार

गणपती आटोपले, सुमन लांज्याला परत.

जोगळेकरांकडे गेलो. सांगितलं, पाटीचा मजकूर बदलायला हवा. बरण्यांपासून दाऊदभाईपर्यंत सगळा पुरावा मांडला. ऐकून घेतलं. मग म्हणाले, दगड कोरून झाला, कोल्हापूरचा कारागीर पुन्हा येणार नाही, पाहुण्यांना निमंत्रणपत्रिका गेल्या. आणि घरातलंच माणूस आहे ना, म्हणाले, नवऱ्याचं नाव लागलं म्हणजे वहिनींचंच लागल्यासारखं आहे. "पुढच्या आवृत्तीत तळटीप द्या. तळटीप तुमच्याइतकी सुरेख कोण देणार."

दगडाचं कारण मी मानलं नाही. पण उठताना मला सुटल्यासारखं वाटलं. हे खोटं लिहिणार नाही. वाटलं.

२ ऑक्टोबर, रविवार

अनावरण पार पडलं. पाटी सरळ बसली आहे, अक्षरं दीड इंची, खोली समान. कोरणाऱ्याने सगळ्या अक्षरांची पोटं नीट मिटवली आहेत.

मी बोललो वीस मिनिटं. बोलायचं ठरवलं होतं ते वेगळं. खिशात दोन कागद होते. समोर दीडशे माणूस, पहिल्या रांगेत मुंबईचे पाहुणे, आणि जोगळेकरांनी ओळख करून दिली, "ज्यांनी एक ओळही पुराव्याशिवाय लिहिली नाही." मग दुसऱ्या कागदाकडे हात गेला नाही. इंग्रजांवर बोललो. अमेरिकेचं कात्रण वर धरून दाखवलं. म्हटलं, जे राष्ट्र स्वतःची चूक नाव घेऊन कबूल करू शकत नाही त्याला मोठं म्हणायचं कशासाठी? टाळ्या. मास्तरांच्या पाठीवर टाळ्या घेतल्या मी.

वहिनी बायकांच्या रांगेत, काळा चष्मा लावून. कै. वामनरावांच्या पत्नी म्हणून तिच्या हाती नारळ दिला. स्टेजवर चढताना पायरी दिसेना, मी हात दिला. हात तिने धरला नाही, कठडा धरला.

परतताना रिक्षात म्हणाली, "छान बोललात."

३ ऑक्टोबर, सोमवार

कामावर गेलो. दोन चुका झाल्या जुळणीत. मालकांनी चष्मा तपासून घ्या म्हटलं.

९ ऑक्टोबर, रविवार

बाजारातून आलो तर मागल्या पडवीत बरण्या ओळीने उपड्या. वहिनीने सगळ्या गरम पाण्यात भिजवून पट्ट्या सोडवल्या. वाकायचं नाही हे डॉक्टरांनी बजावलेलं असताना. चौदाही पट्ट्यांचा लगदा तुळशीच्या आळ्यात.

माझा आवाज चढला. म्हटलं, तो पुरावा होता, मी त्याचे फोटो काढून घेणार होतो.

"कोणाला दाखवायला? दीडशे माणूस होतं की समोर."

म्हटलं, तरीही विचारायचं होतंस.

"बरण्या माझ्या आहेत, भाऊजी."

चौदा कोऱ्या बरण्या फळीवर. मला आता मेथी कुठली आणि मोहरी कुठली झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. तिला हाताला कळतं.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

वहिनीचा चष्मा आला. जाड भिंगाचा. दुकानातच पेपर उघडून पहिलं पान शेवटपर्यंत वाचलं, उभ्या उभ्या. दुकानदार खुर्ची पुढे करत राहिला.

घरी येऊन माझं पुस्तक मागितलं. एकाहत्तरपासून घरात आहे, तिने स्वतः कधी वाचलं नव्हतं, मी वाचून दाखवी तेवढंच. दोन दिवस लागतील म्हणाली.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. जुळणी सुंदर आहे म्हणाली. मग, "मागे ते कोणत्याही गुरूविना कोणी लिहिलं?"

मालकांनी, म्हटलं.

"आणि प्रूफ?"

प्रूफ मी पाहिलं होतं.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी दहा वर्षांचा. आई नव्हती. शाळेतून मारून मुटकून पुढे ढकलत होते मला. रोज ओटीवर पाटी घेऊन हिने शुद्धलेखन घातलं, तीन वर्षं, चुकलेला शब्द दहादा. छापखान्यात लागलो तेव्हा माझाही व उघडाच होता. मालकांचे वडील हसले, म्हणाले हे काय अर्धवट वळण, म्हणून मी मिटवायला शिकलो. हे मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही. ह्या रोजनिशीतही नाही.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

नवा खुलासा केला. ह्या वेळी कर्ता घातला. "मी" ने सुरुवात. दोन दिवस त्या एका शब्दावर गेले. वहिनीला वाचून दाखवला:

"माझ्या पुस्तकात मी पत्रिकेचे लेखन माझ्या ज्येष्ठ बंधूंचे म्हणून सांगितले ते चूक आहे. माझ्या वहिनींनी या कामी मोलाची मदत केली होती."

"मदत कोणाला?" तिने विचारलं.

म्हणजे?

"मी लिहीत होते तर मदत कोणाला करत होते? मदत ह्यांनी केली. गठ्ठे पोचवले." मग म्हणाली, "आणि वहिनी कोण? वहिनी तुमची. गावची नव्हे. तेव्हा मी लग्नाची नव्हते."

नाव विचारलं. चव्वेचाळीस वर्षं एका घरात राहून मी तिला माहेरचं नाव विचारलं. सासरचं सरस्वती, तेही दादा सोडून कोणी उच्चारलं नाही. माहेरची कुसुम.

मी चिडलो. म्हटलं, शब्दाशब्दाला अडवलंस तर छापून कधी यायचं? म्हटलं, माझं नाव जातं आहे यात, तुझं काही जात नाही. सतरा वर्षांची माझी शाबूत इभ्रत आहे ह्या गावात, ती मी आपल्या हाताने उतरवतो आहे, आणि तू मदत ह्या शब्दावर बसली आहेस.

तिने ऐकून घेतलं. "घरात म्हणाला असतात चुकलं, तर मी तेवढ्यावर सोडलं असतं," म्हणाली. "ते तुम्ही अजून म्हणाला नाहीत. आता जिथं छापलंत तिथंच छापा."

खरंच म्हटलेलं नाही. ऑगस्टपासूनची सगळी पानं चाळली. कुठेही नाही.

१ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी आठवड्यावर. फराळाची भाजणी वहिनीने एकटीने केली. बोलणं कामापुरतं. मालकांनी विचारलं, अंकासाठी तुमचं काही होतं ना? म्हटलं, बघतो. म्हणाले, शुक्रवारचा अंक शेवटचा, मग दिवाळीची सुट्टी, मग कोण वाचतं.

जोगळेकरांचा निरोप: पुस्तकाची दुसरी आवृत्ती वाचनालय काढेल. अट काही नाही. "फक्त जुना मजकूर फारसा हलवू नका."

३ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी जेवायला घरी आलो तर टेबलावर कागद. एका बाजूने लिहिलेला, आठ ओळी. वहिनीचं अक्षर. बरणीवरचं नव्हे, अंकांतलं. एकसारखं, ताठ, ओळ पट्टीने आखल्यासारखी, आणि प्रत्येक गोलाला डावीकडे, खाली, फट.

मजकूर माझ्या नावाने आहे. मी असं लिहिलं. मला सांगूनही मी ऐकलं नाही. पत्रिकेचे सव्वीस अंक कुसुमने लिहिले, त्यांतले अमुक लेख तिचे. माझे बंधू ते पोचवत. मी चुकलो. एकही विशेषण नाही. खाली दोन बोटं जागा कोरी, सहीसाठी.

एक चूक सापडली. अंक सत्तावीस, हिने सव्वीस लिहिले. ओटीवर जाऊन सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"सव्वीसच," म्हणाली. "सत्ताविसावा कोरत होते तेव्हा खालचं जातं थांबलं. अर्ध्यावर राहिला. त्या दिवशी काकांना नेलं."

सतरा वर्षं सत्तावीस म्हणतो आहे मी. पुस्तकात, भाषणांत, अकरा पत्रांत. दगडातही सत्तावीस.

विचारलं, त्या अर्ध्या मेणकागदाचं काय झालं? जाळला?

"आहे."

आहे? कुठे? शेहेचाळीस वर्षं, ह्या दमट हवेत? कोणत्या ओळीपर्यंत कोरला होता?

तिने सुपातला एक खडा काढून बाहेर टाकला. "सही झाल्यावर दाखवते."

अंक चारला मशीनवर चढतो. छापखाना पाच मिनिटांवर. जुळणी मीच करणार, आठ ओळी, अर्ध्या तासाचं काम. पेनात शाई भरली. टिपकागद बाजूला ठेवला. आत्ता तीन वाजून दहा मिनिटं. ओटीवर सूप वाजतं आहे, मध्येच थांबतं, पुन्हा वाजतं.